माहेरची झोप

जयवंता लग्न होऊन अकोटच्या या घरात आली, तेव्हा तिची नणंद झोपलेली होती. वरात दाराशी आलेली, उंबरठ्यावर माप ठेवलेलं, सासू ओवाळायचं ताट घेऊन उभी, आणि करवलीचा पत्ता नाही. शेवटी कोणीतरी आतून ओरडलं, "अव, हे पाहा, अथी पडली हाये." मधल्या खोलीत तुरीच्या पोत्यांवर नवं परकर-पोलकं घातलेली रुख्मिणी हातातला गजरा तसाच धरून गाढ झोपली होती. बाहेर सनई वाजत होती, फटाके फुटत होते, तिला कशाचाच गंध नव्हता. नव्या नवरीनं घुंगटाआडून ते पाहिलं आणि दिवसभर कोंडलेलं तिचं हसू पहिल्यांदा बाहेर आलं. परक्या घरात आल्याची धास्ती तिथंच निम्मी झाली.

पुढं तर दोघींची गट्टीच जमली. जयवंताचा नवरा खुशालराव हंगामात शेतावर जागलीला असायचा. उन्हाळ्यात नणंद-भावजय गच्चीवर अंथरूण टाकायच्या. रुख्मिणी बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोपायची आणि मग उरलेलं वाक्य झोपेत पूर्ण करायची. झोपेत ती खूप बोले. कधी चिंचा वेचायची, कधी शाळेतल्या बाईंशी भांडायची. जयवंता हळूच विचारायची, "मंग काय झालं?" आणि आतून उत्तर यायचं. सासू कपाळावर हात मारून घ्यायची. "हिले कोन करीन व? सासरी गेल्यावर दिवस उगवल्याचं तरी समजीन का हिले?"

तिला मागणी घालायला आला तो नांदगाव खंडेश्वरचा शेखर. अमरावतीला कॉलेजात शिकलेला, कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेला, त्यापायी तुरुंगाची हवा खाऊन आलेला. पोह्यांची बशी हातात धरून तो खुशालरावांशी आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी इतका वेळ बोलत राहिला, की पोहे गार झाले आणि जमलेल्या माणसांना हा मुलगी पाहायला आलाय याचाच विसर पडला. अखेर कोणीतरी म्हणालं, "पोरीले काही विचारा ना बाप्पा."

त्यानं विचारलं, "तुम्हाला काय आवडते?"

रुख्मिणीला खोटं बोलणं सुचलं नाही. "झोपायले," ती म्हणाली.

दाराआड उभ्या असलेल्या जयवंतानं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात शेखर मोठ्यानं हसला. "चालेल. घरात एक तरी माणूस सुखानं झोपणारं पाहिजे," तो म्हणाला, आणि लग्न ठरलं.

तो माणूस पुढं एवढा वर चढेल असं तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आधी अमरावतीतली भाड्याची खोली, मग मुंबईतलं आमदार निवास, मग दिल्ली. असं करत करत शेखरराव पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, आणि अकोटच्या जिनिंग कारखान्यामागच्या गल्लीला नेत्याची सासुरवाडी म्हणून ओळख मिळाली. पण त्या भाड्याच्या खोलीपासूनच एक गोष्ट कायम होती. दार कधी लागायचं नाही. कार्यकर्ते यायचे, सतरंजीवर पसरायचे, चहा मागायचे, भांडायचे, पुन्हा एक व्हायचे. रुख्मिणीचा स्टोव्ह विझायचा नाही. शेखररावांना भाषण येत होतं, पण माणसं धरून ठेवली ती तिनं. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या घरी सून बाळंतपणाला आली आहे, कोण तिखट खात नाही, सगळं तिच्या ध्यानात. पोटची पोर आकांक्षा मात्र वसतिगृहात वाढली. सुट्टीत घरी आली की पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत आत जायची. आता ती बंगळुरूला नोकरीला होती आणि आईला फोन करताना आधी विचारायची, "आजूबाजूला कोणी आहे का?"

इकडं जयवंता नणंदेला टीव्हीवर पाहायची. हातमागाची साडी, डोक्यावर नेमका तेवढाच पदर, नवऱ्याच्या एक पाऊल मागं, चेहऱ्यावर मापात ठेवलेलं हसू. शेजारणी म्हणायच्या, "किती शोभते व तुही नणंद." जयवंता हो म्हणायची. पण पडद्यावरच्या त्या बाईत ती तुरीच्या पोत्यांवरच्या पोरीला शोधत राहायची, आणि एवढ्यात बातमी बदलून जायची.

एकदा खुशालराव आणि ती दिल्लीला जाऊन राहिले. बंगला मोठा, हिरवळ मोठी, आणि माणसांची ये-जा बाजार समितीसारखी. पहाटे जयवंताला जाग आली. बाहेर व्हरांड्यात रुख्मिणी आवरून-सावरून, केस विंचरून, वेताच्या खुर्चीत ताठ बसलेली.

"इतक्या लवकर उठली?" जयवंतानं विचारलं.

"उठायले आधी झोपावं लागते वैनी," रुख्मिणी म्हणाली. "माही झोप गेली. कधी गेली समजलंच नाही. जत्रेत लेकराचा हात सुटते ना, तशी. आपुन चालत राहतो, न् मंग पाहतो तं हातात काहीच नाही."

गोळ्या झाल्या, काढे झाले, डोक्यावर तेलाची धार सोडून झाली. गुंगी यायची, झोप येत नव्हती. जयवंता तिच्या शेजारी बसून राहिली. हिरवळीवर धुकं होतं आणि त्या धुक्यातून एकेक माणूस फाटकाशी उगवायला लागला होता.

मग खुशालराव गेले. सकाळी शेतावर जाऊन आले, अंगणात हातपाय धुतले, आणि तिथंच बसले ते उठले नाहीत. रुख्मिणी आली ती गाड्यांच्या ताफ्यातून. सोबत कॅमेरे, पुढारी, पुष्पचक्रं. तिनं सगळ्यांना हात जोडले. जयवंताला जवळ घेतलं, पण त्या मिठीत तिचं अंग फळीसारखं ताठ लागलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मग कोणीतरी तिच्या कानाशी काही बोललं, आणि ताफा जसा आला तसा निघून गेला. मागं धूळ तेवढी राहिली. जयवंताच्या मनाला ते लागून राहिलं. भाऊ गेला तर बहिणीनं टाहो फोडू नये? त्यानंतर ती फोनवर नणंदेला 'रुखमा' म्हणेनाशी झाली. 'ताई' म्हणायला लागली, 'तुमी' म्हणायला लागली. रुख्मिणीच्याही ते ध्यानात आलं असणार.

आणि मग दोन वर्षांनी, एप्रिलातल्या टळटळीत दुपारी, दाराशी एकच गाडी येऊन थांबली.

अमरावतीला विद्यापीठाच्या सभागृहात रुख्मिणीच्या हस्ते कसलीशी बक्षिसं वाटायची होती. ती वाटून झाली. जेवायला सगळे थांबले होते. तिथून बडनेऱ्याला रेल्वे धरून नागपूरच्या मोठ्या सभेला जायचं होतं. पण गाडीत बसल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "दर्यापूरवरून अकोटला घ्या." सोबतच्या प्राजक्तानं, तिच्या कार्यक्रमांचं पाहणाऱ्या मुलीनं, दोनदा आठवण करून दिली. रुख्मिणी काचेबाहेर रिकामी काळी रानं पाहत बसली होती म्हणे. नांगरट करून उन्हात तापायला टाकलेली रानं, मधूनच पळसाचं एखादं झाड, आणि क्षितिजाशी हलणारी पाण्यासारखी झळ.

जयवंता दारात आली.

"या ताई," जयवंता म्हणाली.

"पाणी दे वैनी," रुख्मिणी म्हणाली.

माठातलं पाणी तिनं तांब्यानंच घटाघटा प्यायलं. मधल्या खोलीत कूलर चालू होता. वाळ्याच्या ओल्या वासानं खोली भरलेली, खिडकीला हिरवं कापड, त्यामुळं सगळा उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा. रुख्मिणी तिथल्या बाजेवर टेकली. "चहा ठेवते," म्हणून जयवंता आत गेली आणि कप घेऊन परत आली, तर ती झोपलेली. चपला पायातच. एक हात बाजेखाली लोंबत होता आणि तोंड किंचित उघडं होतं.

प्राजक्ता घाबरली. "ताईंना बरं नाही का? त्या अशा दिवसा कधीच झोपत नाहीत. म्हणजे, त्या झोपतच नाहीत."

जयवंता वाकून श्वास ऐकू लागली. एक लांब श्वास, मग थोडा थांबा, मग दुसरा. गच्चीवर शेजारी पडून कितीतरी उन्हाळे ऐकलेला तो श्वास तिला अंधारातही ओळखता आला असता. तिनं अलगद चपला काढल्या, अंगावर पातळ चादर टाकली आणि म्हणाली, "बरं हाये तिले. तू जेवून घे पोरी."

संध्याकाळपर्यंत फोनवर फोन आले. नागपूरच्या सभेत ताईंची खुर्ची होती, फलकावर फोटो होता. पक्षाच्या कचेरीतून कोणीकोणी प्राजक्तावर चिडत होतं, आणि ती बिचारी अंगणात फेऱ्या घालत हळू आवाजात माफी मागत होती. शेवटी फोन खुद्द शेखररावांचा आला. प्राजक्तानं तो सरळ जयवंताच्या हातात दिला.

"वहिनी, नमस्कार. तिला जरा द्या."

"झोपली हाये, जवाईबुवा."

"झोपली?" त्यांनी विचारलं. "गोळी घेतली का?"

"नाही. पाणी पिलं, न् झोपली."

पलीकडून काहीच आवाज येईना. जयवंताला वाटलं फोन कटला. ज्या माणसाला बोलताना कधी थांबलेलं तिनं पाहिलं नव्हतं, तो गप्प होता. मागं कुठंतरी घोषणा चालल्या होत्या. मग त्यांचा आवाज आला, पण तो सभेतला नव्हता, टीव्हीवरचाही नव्हता. नांदगावच्या पोराचा होता. "उठवू नका तिले, वैनी. कोणालेच उठवू देऊ नका."

जयवंतानं मधल्या खोलीच्या दारात पाट टाकला आणि त्यावर बसली. सून दामिनी शाळेतून शिकवून आली, तिनं स्वयंपाकाचं पाहिलं. दिवेलागणीला रुख्मिणी एकदा उठली, पण ते उठणं म्हणजे काय? डोळे मिटलेलेच, हात धरून न्यावं लागलं, लहान मुलासारखी मोरीत जाऊन आली, पाणी प्यायली आणि पुन्हा आडवी झाली. कोणालाही ओळखल्याची खूण नाही.

झोपेत ती बोलू लागली. जयवंतानं कान दिला. "बैठिए... बैठिए ना... चाय लाओ... साहब अभी आते हैं." तोच मापातला आवाज. ती झोपेतही पाहुणे बसवत होती. खुर्च्या कमी पडत असाव्यात, कारण हात चादरीवरून काहीतरी सरकवत होता. जयवंतानं तो हात आपल्या हातात घेतला आणि पूर्वीसारखं हळूच म्हणाली, "गेले सगळे. दार लावलं." हात थांबला. मग बराच वेळ नुसता श्वास आणि कूलरमधून ठिबकणारं पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर माईक घेतलेली पोरं जमली. नेत्याची बायको सभा सोडून माहेरी निघून आली, म्हणजे घरात बिनसलं, पक्षात बिनसलं, अशा बातम्या मोबाईलवर फिरायला लागल्या होत्या. जयवंताचा मुलगा नितेश आपलं कृषी केंद्र बंद ठेवून फाटकाशी उभा राहिला, पण ती पोरं ऐकेनात. तेव्हा जयवंता डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली.

"ताई नाराज होऊन आल्या का?" एकानं माईक पुढं केला.

"लेक माहेरी आली हाये, न् झोपली हाये. त्यात बातमी काय हाये?"

"किती दिवस राहणार आहेत?"

"उठली का विचारते. तुमी आता हळू बोला, नाही तं तुमच्यापायी उठन ते."

गल्लीतल्या बाया फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काही न बोलता पोरांना रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन सोडलं. आणि मग गल्लीनंच मनावर घेतलं. समोरच्यानं चक्कीचा पट्टा काढून ठेवला. भाजीवाला ओरडण्याऐवजी दारोदार जाऊन कडी वाजवू लागला. जिनिंगकडून उडून आलेला कापसाचा बारीक फुणका उन्हात तरंगत होता आणि कुठंच न टेकता पुढं जात होता. त्या संध्याकाळी एक वरात आली. कोपऱ्यावर बायांनी बँडमास्तरला काहीतरी सांगितलं. त्यानं हात वर केला. वाजंत्री थांबली. घोडीवरचा नवरदेव, त्याच्यामागं जरीच्या साड्या, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं, सगळी वरात गल्लीतून मुकाट्यानं चालत गेली. घोडीच्या टापा आणि साड्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. पाटावर बसल्या जागेवरून जयवंतानं ते पाहिलं, आणि आपण जागे आहोत की आपल्यालाही डुलकी लागली, हे तिला कळेना.

तेवढ्यात आतून आवाज आला. झोपेतलाच, पण निराळा. "वैनी... चिंचा लय आंबट हायेत व... मीठ आन..."

जयवंता दाराला टेकून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

रुख्मिणी जागी झाली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. डोळे उघडले, छताकडं पाहिलं, कुशीवर वळली. गालावर बाजेच्या नवारीचे वळ उठले होते. जयवंताकडं पाहून ती सहज म्हणाली, "दादा शेतातून आला का व?"

जयवंताच्या तोंडात आलं होतं, येतच असतील. खोलीत तसाच तळ्याच्या तळाचा उजेड होता. त्या उजेडात 'हो' म्हटलं असतं तर खुशालराव खरंच अंगणात हातपाय धुताना दिसले असते असं तिला वाटलं. पण ती उठून बाजेवर बसली आणि नणंदेच्या कपाळावरचे केस मागं सारत म्हणाली, "दादा नाही ना आता, रुखमा."

रुख्मिणी तिच्याकडं पाहत राहिली. समजायला तिला वेळ लागला. आणि मग जे दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते झालं. तिनं भावजयीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि टाहो फोडला. गल्लीत लोक थबकले. प्राजक्ता धावत आली, तिला दामिनीनं दारातूनच परत नेलं.

किती तरी वेळानं जयवंता म्हणाली, "त्या दिवशी नाही रडली तू. मले लय लागलं होतं."

"रडली असती तं उठता आलं नसतं मले, वैनी. बाहेर गाड्या चालूच होत्या."

"मंग उठायचं नव्हतं."

"हो," रुख्मिणी म्हणाली. "नव्हतंच उठायचं."

त्यानंतर तिनं अंघोळ केली, जयवंताचं धुतलेलं पातळ नेसलं आणि कढी-गोळ्यांसोबत भाकरी इतकी खाल्ली की दामिनीला पुन्हा तवा ठेवावा लागला. ती आणखी थोडे दिवस राहिली. सकाळी ऊन चढायच्या आत दोघी शेतापर्यंत चालत जायच्या. उत्तरेला सातपुडा धुरकट निळा दिसायचा, कधी जवळ आल्यासारखा, कधी पार नसल्यासारखा. खुशालरावांनी लावलेल्या लिंबाखाली बसून त्या फारसं बोलत नसत. एक दिवस बंगळुरूहून आकांक्षाचा फोन आला. नेहमीप्रमाणं तिनं विचारलं, "आजूबाजूला कोणी आहे का?" रुख्मिणीनं रानभर नजर फिरवली. "मामी हाये, न् एक टिटवी हाये. बोल तू." मायलेकी त्या दिवशी ऊन अंगावर येईपर्यंत बोलत राहिल्या.

जायच्या दिवशी जयवंता अकोला स्टेशनापर्यंत सोडायला गेली. दिल्लीत गेल्यावर झोप पुन्हा हरवेल, हे दोघींना माहीत होतं, आणि तसं झालंही. पण पार हरवली नाही. अधूनमधून दुपारची येऊ लागली. रुख्मिणीनं कार्यक्रम कमी केले, आणि दुपारी बंगल्याचं फाटक लावून घ्यायला सांगितलं. शेखररावांनी तो नियम कोणाला मोडू दिला नाही.

त्याच वर्षी निवडणुकीत पक्ष हरला आणि शेखररावांनी अध्यक्षपद सोडलं. फाटकाशी धुक्यातून उगवणारी माणसं हळूहळू कमी झाली. जयवंताला वाटलं, नणंद खचली असेल. तिनं फोन केला तर रुख्मिणी म्हणाली, "बंगला रिकामा करायले वेळ हाये अजून. हिरवळीवर ऊन लय चांगलं पडते आता, वैनी. कोणी बसत नाही तथी. येतं का?"

म्हणून हिवाळ्यात जयवंता दिल्लीला गेली. जाताना मुगाची डाळ, हिंग आणि आपल्या शेतातल्या लाल मिरच्या बांधून घेतल्या. दुसऱ्याच दिवशी दोघींनी हिरवळीवर जुनी धोतरं अंथरली आणि मुंगवड्या घालायला बसल्या. शेखरराव शाल पांघरून खुर्चीत बसले होते. त्यांना वाटलेली डाळ फेटायला दिली होती, आणि ते हात दुखतो अशी तक्रार करत होते. झाडीतून एक मोर आला, मान लांब करून वड्यांकडं पाहू लागला. फाटकावरचा बंदूकवाला जवान धावत आला आणि त्याला हाकलू लागला. मोर थोडा सरकायचा, पुन्हा यायचा.

"माताजी, यह क्या है?" जवानानं शेवटी विचारलं.

"मुंगवडी है भाऊ," जयवंता म्हणाली. "सूखने दो. फिर तेरे को भी रस्सा करके खिलाती."

जवान हसला, आणि बंदूक पाठीवर टाकून वड्यांच्या राखणीला उभा राहिला.